गाडी गप्प करण्याचा उद्योग

आमच्या गाडीत बसलेल्या माणसाला एकच गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे आमची गाडी. पंधरा वर्षांची आहे. दारं खुळखुळतात, मागचा पत्रा गुणगुणतो, चाकांचा घरघराट खालून थेट पोटात येतो आणि काटा साठच्या पुढे गेला की काचा थंडीत दात वाजावेत तशा वाजायला लागतात. मी गावच्या शाळेत तेहतीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं. ‘ध्वनी’ हा धडा तर असा शिकवायचो की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहायची. त्यामुळे गाडीचा आवाज हा आपल्या अखत्यारीतला विषय आहे असं मला वाटलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या वाटण्यातून घडलं.

खरं तर गाडीचं मला काही नव्हतं. प्रश्न अनसूयेच्या कानांचा होता. अनसूया म्हणजे आमची मंडळी. तिनं घोटावड्याच्या एका कंपनीत प्रेसखात्यात अठरा वर्षं काम केलं. तिथं दिवसभर पत्र्यावर लोखंडी प्रेस आदळायचा आणि बायका कानात कापसाचे बोळे घालून उभ्या असायच्या. सहा वर्षांपूर्वी तिनं काम सोडलं तेव्हा कान जवळजवळ कंपनीतच राहिले होते. गेल्या दिवाळीत आमच्या लेकीनं, स्नेहलनं, तिला पुण्याला नेऊन दोन्ही कानांत मशीन बसवून आणलं. तेव्हापासून घरात ती सकाळी तोंड धुतलं की मशीन लावते ते झोपताना काढते. भाडेकरूंनी नळ उघडा ठेवला तर तिला स्वयंपाकघरातून कळतं. पण गाडीत बसली रे बसली की पहिलं काम, दोन्ही कानांतलं काढायचं, डबीत ठेवायचं, डबी बंद करायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचं.

कारण विचारलं तर म्हणाली, “गाडीत नगं वाटतंय.” कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की मशीन माणसाचा आवाज मोठा करतं तसा रस्त्याचा गोंगाटही मोठा करतं. दोन आणि दोन चार. तेहतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की निरीक्षणावरून घाईनं निष्कर्ष काढू नका. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

आता कोणी म्हणेल, गाडीत बायकोला ऐकू आलं नाही तर बिघडलं काय? काही नवरे त्याला भाग्य म्हणतील. पण आमच्या घराची गोष्ट वेगळी आहे. आमच्या माण गावात आयटीवाले आले तेव्हा ज्यांची जमीन रस्त्याला होती त्यांनी बंगले बांधले. आमच्या वाट्याला डोंगरउताराची आली होती, म्हणून आम्ही घरावर चार खोल्या चढवल्या आणि भाड्यानं दिल्या. भिंती एका विटेच्या. मी खाली शिंकलो तर वरून कोणीतरी ‘सत्य आहे’ म्हणतं. अशा घरात बायकोशी काही मनातलं बोलायचं म्हणजे ग्रामसभेत बोलण्यासारखं. दोघांनीच बसायची जागा एकच, गाडी. दर रविवारी आम्ही कासारसाईच्या धरणावर जातो, पाण्याकडे बघत भेळ खातो आणि परत येतो.

आणि मला तिला एक वाक्य सांगायचं होतं. लपवण्यासारखं काही नाही, लिहूनच टाकतो. आमची शाळा सुरुवातीची सोळा वर्षं विनाअनुदानित होती. अनुदान आज येतं, उद्या येतं, म्हणत मी बिनपगारी ‘ध्वनी’ शिकवत राहिलो आणि घर चालवायला अनसूया प्रेसखात्यात उभी राहिली. वाक्य एवढंच: ‘तुझे कान माझ्यापायी गेले, आणि तू एकदाही तसं म्हणाली नाहीस.’ घरात हे मला कधी जमलं नाही. समोरासमोर बसलो की जीभ टाळूला चिकटायची आणि मी विचारायचो, गॅस संपत आला का.

गाडीत मात्र मी ते शेकडो वेळा म्हटलं आहे. गाडी जुनीच घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. गोंगाटात, आणि शेजारी ऐकू न येणारं माणूस असताना, मी फार मोकळा बोलतो. मेव्हण्याबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो, खारट आमटीबद्दल बोलतो. माणहून कासारसाईला सरळ रस्ता आहे, घोटावड्यावरून वळसा घालायचं काही कारण नाही. मी वळसा घालतो. कंपनीचं फाटक आलं की पुढच्या काचेकडे बघत ते वाक्य म्हणतो आणि उजवीकडचं वळण घेतो. छातीवरचं ओझं पुढच्या रविवारपर्यंत उतरतं.

पण दिवाळीत मशीन आलं आणि माझी वाचाच बसली. आता तिला ऐकू येऊ शकतं. अशा वेळी तिनं मशीन काढल्यावर ते वाक्य काचेला सांगणं म्हणजे शुद्ध चोरी. सवयीनं तोंडातून जायचं, पण मागून लाज वाटायची. मी ठरवलं, एकदा तरी तिच्या कानात मशीन असताना, तिला ऐकू जाईल असं बोलायचं. त्यासाठी गाडी गप्प व्हायला हवी होती.

पहिला सल्ला वरच्या खोलीतल्या रोहितनं दिला. हा लातूरकडचा, संगणकावर काम करतो आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याला आधीच माहिती असते. त्यानं मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी लावून गाडीतून एक चक्कर मारली. आकडा आला अठ्ठ्याहत्तर, आणि त्याखाली मोबाइलनं तुलनेसाठी ‘घरगुती मिक्सर’ असं दाखवलं. गाडीचा अपमान मला माझाच वाटला. मग त्यानं सांगितलं, “सर, ब्युटाईलची शीट घ्या. दोन मिलिमीटर. काळा रबरासारखा थर, वर चांदीसारखा कागद. पत्र्याला चिकटवली की पत्रा थरथरायचा थांबतो.” हे अगदी शास्त्रशुद्ध होतं. मी वहीत लिहून घेतलं.

दुसरा सल्ला शेजारच्या वाल्मीकनं दिला, आणि घरचं वाटोळं नेहमी दुसऱ्या सल्ल्यानं होतं. वाल्मीक गच्च्या गळायच्या थांबवण्याची कामं घेतो. कुंपणावरून त्यानं माझी वही वाचली आणि हसला. “मास्तर, ह्ये तर आमचंच हाय. काळं, चिकाट, वर चांदीचा कागुद. माझ्याकडं अर्धा रोल पडलाय. सलॅबचं पानी थांबतंय त्यानं, मग आवाज काय पान्यापरीस जड हाय व्हय?” या युक्तिवादात चूक कुठं आहे ते मला, विज्ञानाच्या शिक्षकाला, त्या क्षणी सापडलं नाही. रोल फुकट होता हेही एक कारण असेल. फुकट ते पौष्टिक, ही म्हण उगाच पडलेली नाही.

दोन दिवस खपून मी आणि वाल्मीकनं ती डांबरी पट्टी दारांच्या आत, पायाखाली आणि छताच्या पत्र्याला चिकटवली. छताचं कापड काढताना त्याच्या खुंट्या तुटल्या, पण वाल्मीक म्हणाला, चिकटपणावरच राहील. गाडी खरंच शांत झाली. मी दार लावलं तर ‘ढब’ असा भारदस्त आवाज आला. अनसूया ओट्यावरून म्हणाली, “कशाला उद्योग करताय?” मी गूढ हसलो. मार्च महिना होता आणि सकाळचे आठ वाजले होते, हे दोन मुद्दे माझ्या लक्षात आले नाहीत.

एप्रिलमध्ये पौडला अनसूयेच्या माहेरच्यांपैकी कोणाचा तरी साखरपुडा निघाला. आमच्याच गावात राहणारा तिचा थोरला भाऊ भिवाजी बरोबर होता. भिवाजी उंच माणूस, त्यात नवी कडक इस्त्रीची टोपी. मागच्या सीटवर बसला की टोपीचं टोक छताला टेकायचं. कार्यालयाबाहेर गाडी भर दुपारी तीन तास उन्हात उभी होती. परत निघालो तेव्हा गाडीत नवीन रस्ता करताना येतो तसा वास भरला होता. अनसूयेनं नाकाला पदर लावला. भिवाजी म्हणाला, “दाजी, कुटं डांबर टाकत्यात जनू.” मी म्हणालो, हो, टाकतायत. भूगावच्या पुढे छताचं कापड मांडवासारखं हळूहळू खाली आलं. मी एका हातानं ते वर ढकलत गाडी घरापर्यंत आणली. भिवाजी वाकून खाली उतरला, डोक्यावरून हात फिरवला आणि थांबला. “माझी टोपी,” तो म्हणाला. आम्ही तिघांनीही आत पाहिलं. टोपी छताला चिकटून लटकत होती, आणि आम्ही ओढू लागलो तसतशी ती काळ्या तारा काढत लांब होत होती.

अनसूया हसायला लागली. मशीन डबीत होतं, त्यामुळे आपण किती मोठ्यानं हसतोय हे तिला कळत नव्हतं. वरच्या चारही खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. भिवाजीला शेवटी टोपी कात्रीनं कापून सोडवून दिली, निम्मी. तो बोडक्या डोक्यानं चालत गेला आणि मी फाटकाकडे बघत ओठांतल्या ओठांत म्हणालो, चला, दोन महिन्यांची तरी निश्चिंती. अनसूयेनं हसणं थांबवून माझ्याकडे डोळे वटारले. तिला कसं कळलं याचा मी तेव्हा विचार केला नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून बायकांना कळतं, एवढंच मनाशी म्हटलं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. डांबर काढायचं तर सगळं उघडायला हवं. सीटा काढून ओट्यावर ठेवल्या. मी अनसूयेचं जुनं उलथणं घेऊन पाठ मोडेपर्यंत खरवडत होतो. वाल्मीक कुंपणापाशी यायचा, बघायचा आणि म्हणायचा, “पर एक मानलं पायजे मास्तर, पानी येक थेंब आत गेलं नसतं.” ओट्यावरच्या सीटा मात्र लोकांना फार आवडल्या. रोहित मागच्या सीटवर बसून मांडीवर संगणक घेऊन कामं करायचा. त्याच्या कंपनीतल्या लोकांनी नवीन ऑफिस छान आहे म्हणून त्याचं अभिनंदन केलं म्हणे.

अशातच गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होऊन पुन्हा पासिंग करून घ्यायची तारीख आली. तारीख मी कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती, पण कॅलेंडरवर एक मोठा काळा अंगठा उमटला होता. आठवण झाली ती त्याच सकाळी. ड्रायव्हरची सीट तेवढी बसवली आणि तसाच आरटीओत गेलो. तपासणारे साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. त्यांनी कागद पाहिले, आत पाहिलं, परत कागद पाहिले.

“पाच आसनी लिहिलंय. चार कुठं आहेत?”

“घरी आहेत.”

“घरी कुठं?”

“ओट्यावर.”

“मग ओट्याचं पासिंग करून घ्या,” साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर शेरा मारला: ‘आसने अनुपस्थित.’ तेहतीस वर्षं मी लोकांच्या मुलांच्या वह्यांवर शेरे मारले. त्यातला एखादा तरी अन्याय्य असणार, त्याची ही परतफेड, असं समजून मी निघालो. रिकाम्या गाडीत इतका आवाज होत होता की मी स्वतःची कीव करणारं जे काही बोललो ते मलाही ऐकू आलं नाही.

घरी येऊन झाला प्रकार सांगितला. अनसूयेनं मोबाइल उचलला आणि भीमाबाईला व्हिडिओ कॉल लावला. भीमाबाई तिची प्रेसखात्यातली मैत्रीण, घोटावड्याला राहते. या दोघींचं बोलणं बघण्यासारखं असतं. फोनचा आवाज बंद ठेवतात. नुसते ओठ हलवतात, मध्येच हाताच्या खुणा करतात आणि अर्धा अर्धा तास हसतात. कंपनीतली सवय. एकदा एका लग्नात बँडच्या या बाजूला ही आणि त्या बाजूला ती, अशा उभ्या राहून त्यांनी नवरीच्या सासूचा पूर्ण इतिहास एकमेकींना सांगितला होता. मला तो प्रकार पोरकट वाटायचा. ऐकू येत नाही तर बोलता कशाला, असं मी एकदा म्हटलंही होतं.

पुढच्या रविवारी भीमाबाई मुलाला घेऊन हजर झाली. धम्मपाल गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं पत्रा ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला. वाल्मीकच्या पट्टीचा एक उरलेला तुकडा नखानं काढून हुंगला आणि काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचं मला जास्त लागलं.

“सर, हे गच्चीचं आहे. उन्हात पातळ होतं,” तो शेवटी म्हणाला. “आणि सगळा पत्रा झाकायचा नसतो. जिथं ठोकल्यावर ठणठण वाजतं तिथं मधोमध लावायचं. ढोलकीला शाई सगळ्या पुडीवर लावतात का? कंप थांबला की आवाज थांबतो. तुम्हीच शिकवलंय.”

“हो, शिकवलंय खरं,” मी म्हणालो.

त्यानं सोबत खरी ब्युटाईलची शीट आणली होती. पत्रा स्पिरिटनं पुसायचा, शीट कापायची, चिकटवायची आणि लहानशा लोखंडी रोलरनं दाबत आतली हवा काढायची. रोलर माझ्याकडे दिला. मी तो फिरवत होतो आणि मन घोटावड्याच्या फाटकाशी होतं, तेव्हा धम्मपाल म्हणाला, “सर, लक्ष कुठंय?” हा प्रश्न मी त्याला पंचवीस वर्षांपूर्वी किती वेळा विचारला असेल. मी त्याच्यासारखीच मान खाली घातली. दाराच्या आतून भुईमुगाची टरफलं निघाली, एक खडू निघाला आणि शीट बसली. दारांच्या कडेला नवं रबर, पायाखाली फोम. छताला त्यानं नवं कापड लावलं, तुटलेल्या खुंट्यांच्या जागी नव्या घातल्या.

हे चाललेलं असताना अनसूया आणि भीमाबाई ओट्यावर आमच्याच मागच्या सीटवर बसून चहा पीत होत्या आणि आवाज न काढता बोलत होत्या. भीमाबाईनं माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. अनसूयेनं मान हलवून नाही म्हटलं. भीमाबाईनं पुन्हा काहीतरी म्हटलं, या वेळी हात कपाळाला लावून. मी विचारलं, काय चाललंय? भीमाबाई म्हणाली, “काय न्हाई दाजी, तुमच्या रोलर फिरवायचं कवतिक.” मी आणखी जोरात रोलर फिरवला.

सीटा जागेवर गेल्या. रोहितला वाईट वाटलं. साहेबांनी पाचही आसनं मोजून घेतली आणि पासिंग झालं. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी अनसूयेला म्हणालो, आज एवढं ऐक, मशीन काढू नको. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाली.

गाडी निघाली आणि मला घाम फुटला. इतकी शांतता मी आयुष्यात कधी चालवली नव्हती. वळणाच्या दिव्याची टिकटिक ऐकू येत होती. अनसूयेच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला असावा. माणची वस्ती मागे पडली, मी घोटावड्याचा रस्ता धरला आणि मनातल्या मनात वाक्य घोकत राहिलो. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर होतं. कंपनीचं फाटक आलं. अनसूया माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं.

“टायरमध्ये हवा कमी वाटते,” मी म्हणालो, आणि उजवीकडे वळलो.

धरण आलं. पाणी खाली गेलं होतं, काठाचा चिखल सुकून भेगाळला होता आणि भेळवाला अजून यायचा होता. मी गाडी पाण्याकडे तोंड करून लावली. अनसूयेनं एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानातलं, डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. मला इतकं लागलं की काय सांगू. तीन महिने मी डांबरात हात घातले होते, पाहुण्याची टोपी घालवली होती, कागदावर शेरा घेतला होता.

“आता कसला आवाज येतोय?” मी ओरडून विचारलं.

“वरडू नगा,” ती म्हणाली. “आवाज न्हाईच. आवाजाचं मला कवा काय नव्हतंच. मशीन कानात असलं की तुमी बोलत न्हाई.”

ती डबीवरून अंगठा फिरवत राहिली.

“घरात तुमी दिसाला चार शब्द बोलता. गाडीत बसलं की धबधबा. नऊ वर्सं बघतीया मी. दिवाळीला मशीन आलं आन पयल्याच ऐतवारी तुमी गप. तवा म्या काढून बघितलं. काढलं की लागलात बोलायला. म्हनून काढून ठिवते.”

“पण तुला ऐकू येत नव्हतं ना?”

“दिसत व्हतं की,” ती म्हणाली. “प्रेसखात्यात अठरा वर्सं काय ऐकून काम केलं व्हय? तितं कुनाचं कुनाला ऐकू येत न्हाई. तोंड बघायचं. भीमा चार मशिनी पलीकडं हुबी असायची, तिच्या घरातलं समदं मला ठाव हाय.”

मी स्टिअरिंग धरून बसलो. नऊ वर्षांचे रविवार एकेक करून डोळ्यांसमोरून जाऊ लागले. त्यात मी काय काय बोललो नव्हतो. “भिवाजीचं?” मी हळूच विचारलं.

“भिवाजीचं समदं हाय माझ्याकडं. आमटीचं बी हाय.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “पर मला अर्धंच दिसतं. तुमच्या तोंडाची हिकडची बाजू. उरलेलं माझं मी लावून घेते. समदं लागतं. एक न्हाई लागत.”

“कुठलं?”

“हितला रस्ता सरळ हाय आन तुमी घोटावड्यावरनं आनताय, ते काय मला कळत न्हाई व्हय? कंपनीचं फाटक आलं की म्हनता, तुझे कान माझ्यापायी गेले, आणि. ‘आणि’ म्हनता, आन वळण येतं. तुमी तिकडं बघता. पुढलं मला नऊ वर्सांत दिसलं न्हाई.”

“मग विचारायचंस.”

“इचारलं असतं तर तुमी बोलायचं सोडलं असतं.” हे अगदी खरं होतं. “भीमा कवाधरनं म्हनतीया, सांग बाई, न्हाईतर त्यो मानूस गाडीची चाकंबी काढून ओट्यावर ठिवील.” तिनं डबी पर्समध्ये टाकली आणि सीटवर पूर्ण वळून बसली. “आता गाडी हुबी हाय. हिकडं तोंड करा. पुरं करा.”

मी वळलो. इतक्या वर्षांच्या संसारात आपण बायकोकडे सरळ तोंड करून किती वेळा बोललो, याचा हिशेब लावायची ती वेळ नव्हती. आवाज फुटेना. मग लक्षात आलं की आवाजाची इथं गरजच नाही. मी नुसते ओठ हलवले. सगळं वाक्य म्हटलं, पहिल्यापासून, ‘आणि’च्या पुढचंही. वर्गात फळ्यावर लिहितात तसं एकेक अक्षर सुटं करून.

तिनं ते वाचलं. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणखी काही आहे का म्हणून.

“म्हननार व्हते येकदा,” ती म्हणाली. “कुकरची शिट्टी ऐकू आली न्हाई आन भात करपला, त्या दिशी लई राग आला व्हता. रडले बी. ऐतवारी गाडीत म्हननारच व्हते तुमाला, तुमच्यापायी गेले म्हनून. पर फाटकापाशी आलो आन तुमीच आदी म्हनलात. मग मी काय म्हनू?”

धम्मपालनं पत्रा पुसायला आणलेलं एक फडकं दाराच्या खणात राहिलं होतं. ते मी घेतलं. त्याला अजून स्पिरिटचा वास होता, त्यामुळे डोळे आणखी चुरचुरले. अनसूयेनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचा पदर दिला. भेळवाला आला तेव्हा त्याला आमचं भांडण झालंय असं वाटलं असावं, त्यानं न मागता कैरी जास्त घातली.

परत निघताना तिनं मशीन डबीतच ठेवलं. गाडी अगदी गप्प चालली होती. मी भिवाजीबद्दल बोलायला सुरुवात केली, कारण आता त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तोंडाची डावी बाजू होता होईल तेवढी तिच्याकडे केली. उजवीकडचं वळण आलं की वाक्य मध्येच थांबवायचो, वळण घ्यायचो, मान सरळ करायचो. मग अनसूया बोटानं खूण करायची, हां, पुढं. आणि मी पुढचं बोलायचो.